इराक युद्धाचा हिशेब नेमका कोणी दिला?

१८ मे २०२२ रोजी डॅलस येथे बोलताना माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची जीभ घसरली. रशियात एकाच माणसाच्या हाती सत्ता एकवटल्यामुळे इराकवर सर्वस्वी असमर्थनीय आणि क्रूर आक्रमण झाले, असे ते बोलून गेले. मग त्यांनी 'युक्रेनवर' अशी दुरुस्ती केली, 'इराकवरही' असे काहीसे पुटपुटले आणि आपल्या पंचाहत्तरीचा दाखला देऊन विषय हसण्यावारी नेला. सभागृहानेही हसून साथ दिली. अमेरिकेचे सुमारे ४,५०० सैनिक ज्या युद्धात मारले गेले, आणि एकेका बातमीची नोंद ठेवणाऱ्या 'इराक बॉडी काउंट'च्या अत्यंत सावध मोजणीनुसारही ज्यात दोन लाखांच्या आसपास इराकी नागरिक बळी पडले, त्या युद्धाचा कर्ता वीस वर्षांच्या आत एक मिश्किल, चित्रे रंगवणारा निवृत्त गृहस्थ होऊन बसतो, हे कसे घडले याचा विचार करण्यासाठी हा धागा काढत आहे.

'कोणालाच शिक्षा झाली नाही' असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे, पण ते खरे नाही. शिक्षा झाल्या, काही तर फार कडक झाल्या. मात्र जबाबदारी पाण्यासारखी उताराकडे वाहत गेली आणि तळाशी जे उभे होते ते भिजले. हा उतार रिपब्लिकन पक्षाने बांधला हे उघडच आहे. तो तसाच राखण्याचे काम डेमोक्रॅटिक पक्षाने केले, आणि मी स्वतः डावीकडे झुकलेला असल्यामुळे मला हा दुसरा भाग अधिक टोचतो.

सुरुवात मतदानापासून करावी लागते. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. प्रतिनिधिगृहातील बहुसंख्य डेमोक्रॅट सदस्यांनी, म्हणजे १२६ जणांनी, विरोधी मत दिले ही गोष्ट हल्ली विसरली जाते आणि ती त्यांच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. सिनेटमध्ये मात्र २९ डेमोक्रॅट ठरावाच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढची अनेक वर्षे पक्षाचे नेतृत्व याच २९ जणांतून आले: २००४ चे उमेदवार जॉन केरी, २०१६ च्या उमेदवार हिलरी क्लिंटन, आणि त्या वेळी परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष असलेले जो बायडेन. गुप्तचर यंत्रणांचा सुमारे नव्वद पानी मूल्यांकन अहवाल सुरक्षित खोलीत जाऊन पुरता वाचणारे सिनेटर बोटांवर मोजण्याइतके होते. तो वाचून विरोधी मत देणाऱ्यांत गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम होते. गृहपाठ केलेला माणूस उलट निष्कर्षाला पोहोचला, एवढेच नोंदवून ठेवतो.

आता उताराकडे वळू. एप्रिल २००४ मध्ये इराकमधील अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांच्या केलेल्या छळाची छायाचित्रे जगापुढे आली. लष्करी न्यायालयांनी अकरा सैनिकांना दोषी ठरवले. सर्वांत मोठी शिक्षा दहा वर्षांची होती आणि ती एका कनिष्ठ पदावरच्या रक्षकाला झाली. वरच्या अधिकाऱ्यांपैकी ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांना पदावनत करून कर्नल करण्यात आले. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी दोनदा राजीनामा देऊ केला होता, पण राष्ट्राध्यक्षांनी तो स्वीकारला नाही.

छायाचित्रांत जे दिसले त्याला पूरक ठरणारा कायदेशीर विचार कागदावर आधीच उतरला होता. १ ऑगस्ट २००२ च्या न्याय विभागाच्या टिपणाने छळाची व्याख्या अशी काही आवळली की अवयव निकामी होताना किंवा मृत्यूच्या वेळी होतात तितक्या तीव्र वेदना झाल्याखेरीज त्याला छळ म्हणताच येऊ नये. टिपणावर सही होती जे बायबी यांची, आणि मसुद्यामागचे प्रमुख डोके होते जॉन यू यांचे. बायबी २००३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयात तहहयात न्यायाधीश झाले. यू बर्कलीच्या विद्यापीठात कायदा शिकवायला परतले. न्याय विभागाच्याच नीतिविषयक शाखेने दोघांवर व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला होता. तो ठपका जानेवारी २०१० मध्ये विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने खाली आणून 'निर्णयातील कमकुवतपणा' एवढ्यावर मिटवला, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा होते.

छळाचा आणि युद्धाच्या समर्थनाचा संबंध केवळ नैतिक नव्हता, तो थेट होता. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे जे भाषण केले, त्यातील इराक आणि अल कायदा यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा दावा इब्न अल शेख अल लिबी नावाच्या कैद्याच्या जबानीवर उभा होता. अमेरिकेने त्याला इजिप्तच्या ताब्यात दिल्यानंतर ती जबानी मिळाली होती, आणि २००४ मध्ये त्याने ती मागे घेतली. मार थांबावा म्हणून माणूस समोरच्याला हवे ते बोलतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही फौजदारी वकिलाला सांगावे लागत नाही.

वर काय घडत होते? १४ डिसेंबर २००४ रोजी व्हाइट हाउसमध्ये तिघांना राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला: इराककडे सर्वसंहारक अस्त्रे आहेत, या युद्धाच्या मुख्य कारणाबाबत चुकलेल्या सीआयएचे प्रमुख राहिलेले जॉर्ज टेनेट, स्वारीचे सेनापती टॉमी फ्रँक्स, आणि इराकी सैन्य एका फर्मानाने बरखास्त करून लाखो सशस्त्र माणसांना बेकार करणारे प्रशासक पॉल ब्रेमर. युद्धाच्या कल्पनेचे एक शिल्पकार पॉल वुल्फोवित्झ जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. त्यांना ते पद २००७ मध्ये सोडावे लागले खरे, पण त्याला कारण बँकेतच काम करणाऱ्या त्यांच्या सहचरीच्या पगारवाढीचे प्रकरण होते.

आणि ज्यांनी गुपिते फोडली त्यांचे? सीआयएच्या छळप्रकरणाशी संबंध असलेला आणि तुरुंगात गेलेला सीआयए अधिकारी म्हणजे जॉन किरियाकू, आणि तो गेला छळ केल्याबद्दल नव्हे, एका सहकाऱ्याचे नाव पत्रकाराला सांगितल्याबद्दल, अडीच वर्षांसाठी. बगदादमधील हेलिकॉप्टर हल्ल्याची चित्रफीत बाहेर काढणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ओबामांनी जाता जाता, जानेवारी २०१७ मध्ये, ती कमी केली. त्या चित्रफितीत रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले जाताना दिसतात. गोळ्या झाडणाऱ्यांवर खटला झाला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण इथे अपुरी पडते, कारण इथे चोर कोणत्या दिशेने पळाला हे सांगणाराच सुळावर गेला.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती सूत्रे आली तेव्हाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. २००६ च्या निवडणुकीच्या सुमारास प्रतिनिधिगृहातील पक्षाच्या नेत्या नॅन्सी पेलोसी यांनी महाभियोगाचा विषय आपल्यापुढे नाहीच, असे जाहीर करून टाकले. जून २००८ मध्ये प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सदस्य डेनिस कुसिनिच यांनी बुश यांच्याविरुद्ध ३५ कलमांचा महाभियोग प्रस्ताव मांडला, तेव्हा २५१ विरुद्ध १६६ मतांनी तो न्यायविषयक समितीकडे धाडण्यात आला, आणि तिथून तो परत आला नाही. जानेवारी २००९ मध्ये पदग्रहणापूर्वीच ओबामांनी मागे पाहण्यापेक्षा पुढे पाहिले पाहिजे, असा सूर लावला. कैद्यांना दिलेल्या वागणुकीबद्दलचा तपास ऑगस्ट २०१२ मध्ये एकही आरोप दाखल न होता बंद झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांनी 'आपण काही लोकांचा छळ केला' अशी कबुली दिली. त्या वाक्यातील 'आपण' हा शब्द मला सर्वांत सोयीस्कर वाटतो, कारण सगळ्यांनी मिळून केलेल्या गोष्टीचा जाब कोणा एकाला विचारता येत नाही.

मतभेद असतील तर अवश्य मांडावेत.

प्रतिसाद: मतपेटीने दिलेली शिक्षा ही शिक्षा नव्हे काय?

लेखातील तपशील मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. लोकशाहीत धोरणात्मक चुकीची शिक्षा मतदार देतात, आणि ती इथे दिली गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहे गमावली आणि दुसऱ्याच दिवशी रम्सफेल्ड यांच्या जाण्याची घोषणा झाली. २००८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत ओबामांकडून हिलरी क्लिंटन यांचा पराभव होण्यात त्यांच्या २००२ च्या मताचा मोठा वाटा होता. ओबामांनी त्या मतदानाच्याच महिन्यात, ऑक्टोबर २००२ मध्ये, शिकागोत या युद्धाला मूर्खपणाचे युद्ध म्हटले होते, हे भांडवल त्यांना अखेरपर्यंत पुरले.

दुसरे असे की, महाभियोगात दोषी ठरवण्यासाठी सिनेटमध्ये ६७ मते लागतात आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे तेव्हा दोन अपक्षांसह ५१ होती. अशक्य गोष्टीचा हट्ट न धरणे याला कटातील सहभाग म्हणता येत नाही. तिसरे, अस्त्रांविषयीची माहिती चुकीची होती हे २००५ मधील रॉब आणि सिल्बरमन यांच्या आयोगाने अतिशय स्पष्ट शब्दांत सांगितले, मात्र विश्लेषकांवर राजकीय दबाव आल्याचे त्या आयोगाला आढळले नाही. चूक आणि लबाडी यांत फरक केला नाही, तर सत्तांतर म्हणजे आदल्या सरकारची तुरुंगाकडे रवानगी असे समीकरण होऊन बसते. आपल्या शेजारी पाकिस्तानने १९७९ मध्ये आपल्या पदच्युत पंतप्रधानाला फासावर चढवले; त्यातून तिथे लोकशाही बळकट झाल्याचे ऐकिवात नाही.

प्रतिसाद (धागाकर्ता): त्या आयोगाला काय विचारायचे नव्हते

आपला आक्षेप गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहितो. रॉब आणि सिल्बरमन यांच्या आयोगाने स्वतःच नमूद केले आहे की धोरणकर्त्यांनी त्या माहितीचा वापर कसा केला, हे तपासण्याचा अधिकार त्याला देण्यात आला नव्हता. म्हणजे दुकानदाराने वजन मारले का, हा प्रश्न वगळून फक्त तराजू तपासला गेला. वगळलेल्या प्रश्नाचे उत्तर सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने जून २००८ मध्ये दिले. इराकचे अल कायदाशी संधान आहे अशा अर्थाची प्रशासनाने केलेली अनेक विधाने उपलब्ध माहितीच्या पलीकडे जाणारी होती, काही तिच्या विरोधात जाणारी होती, असा त्या अहवालाचा रोख आहे. नायजरमधून युरेनियम खरेदीच्या प्रयत्नांबाबतची कागदपत्रे बनावट असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेत सांगितले होते. हल्ला २० मार्चला झाला. मधल्या तेरा दिवसांत कोणी थांबले नाही, याला मी निव्वळ चूक म्हणू शकत नाही.

मतपेटीविषयी: नोव्हेंबर २००४ मध्ये, अबू घरैबची छायाचित्रे पाहून झाल्यावर आणि अस्त्रांचे साठे नव्हतेच हा अमेरिकेच्याच शोधपथकाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर, त्याच मतदारांनी बुश यांना पहिल्यापेक्षा चांगल्या मतांनी निवडून दिले. पण समजा हरवले असते, तरी माझा आक्षेप कायम राहिला असता. फलुजा आणि बसरा येथील माणसांना ओहायोमध्ये मत नाही. ज्यांची घरे पडली त्यांना मतपत्रिका मिळत नाही, आणि ज्यांना मिळते त्यांना २००६ मध्ये आपल्या सैनिकांच्या शवपेट्यांचा राग आला होता. तो राग योग्यच होता, पण त्याने दिलेली शिक्षा इराकी बळींच्या खात्यावर जमा करता येत नाही.

प्रतिसाद: पुणे डिव्हिजनची आठवण

याच भूमीवरच्या एका जुन्या युद्धाचा दाखला द्यावासा वाटतो, कारण त्यात आपली माणसे होती आणि त्याचा हिशेबही मागितला गेला होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली बगदादच्या दिशेने निघाली. अपुरी कुमक, अपुऱ्या होड्या आणि वरिष्ठांची हाव यांमुळे ती अडकली आणि डिसेंबर १९१५ पासून कूत अल अमारा येथे वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींतील शिपाई त्या वेढ्यात होते. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि त्यांतले हजारो वाटेत किंवा तुर्कस्तानातील मजुरीच्या छावण्यांत मेले. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर एका बंगल्यात आरामात राहिले. धागाकर्त्यांच्या उताराचे याहून बोलके चित्र सापडणे कठीण आहे.

पुढे जे झाले ते मात्र वेगळे आहे. त्याच वर्षी, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश संसदेने कायदा करून मेसोपोटेमिया आयोग नेमला आणि जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्धही झाला. जखमींनी खच्चून भरलेल्या बोटींची दुर्दशा कळवल्याबद्दल मेजर कार्टर या डॉक्टरला वरिष्ठांनी गप्प राहण्यासाठी धमकावले होते; आयोगाने त्याची साक्ष अहवालात जशीच्या तशी छापली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यावर मुख्य ठपका नव्हता, तरीही जबाबदार खाते आपले आहे एवढ्या कारणाने त्यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले. संसदेतील याच विषयावरच्या चर्चेत त्यांनी हिंदुस्थान सरकारच्या लाकडी, पोलादी कारभारावर सडकून टीका केली होती, आणि २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांनीच केली.

साम्राज्यशाहीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. व्हाइसरॉय राहिलेले लॉर्ड हार्डिंग यांच्यावर ठपका असूनही ते परराष्ट्र खात्यातील आपल्या पदावर राहिले, आणि मेसोपोटेमियातील रयतेचे काय हाल झाले, हा प्रश्न आयोगाच्या कक्षेत नव्हताच. फक्त इतकेच म्हणतो की, युद्ध चालू असताना चौकशी केली तर देश कोसळतो, हा युक्तिवाद १९१७ मध्येच खोटा ठरला होता.

प्रतिसाद: भारताच्या बाजूने एक तळटीप

एप्रिल २००३ मध्ये आपल्या लोकसभेने या युद्धाविरुद्ध ठराव केला, तेव्हा हिंदी मसुद्यातील 'निंदा' हा शब्द इंग्रजीत किती सौम्य करावा यावर खल झाला होता. अमेरिकेने मागितलेले सैन्य पाठवण्यास वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ रोजी नकार दिला, हे त्या सरकारच्या श्रेयपत्रात नोंदवायला हवे. त्या नकारामागे डाव्या पक्षांचा आणि रस्त्यावरच्या विरोधाचाही वाटा होता.

विनोद असा की, इराकच्या नावाने खुर्ची गमावलेल्या मंत्र्यांची यादी केली तर त्यात आपले नटवर सिंह येतात. निर्बंधांच्या काळातील तेलाच्या व्यवहारावरील व्होल्कर समितीच्या अहवालात नाव आल्यामुळे त्यांना २००५ अखेर मंत्रिमंडळ सोडावे लागले.

प्रतिसाद: न्यू जर्सीहून

मी १५ फेब्रुवारी २००३ रोजी न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीत निदर्शनाला उभा होतो, तेव्हा माझ्याकडे नागरिकत्व नव्हते आणि व्हिसा जाईल अशी भीती घरच्यांना वाटत होती. त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही.

धागाकर्त्यांनी एक परिणाम सोडला आहे, तो जोडतो. डेमोक्रॅटिक पक्षाने हिशेब मागण्याची जागा रिकामी ठेवली आणि रिकामी जागा राजकारणात फार दिवस रिकामी राहत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनातील वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी बुश यांचे बंधू जेब बुश यांच्या तोंडावर सांगितले की, अस्त्रे आहेत असे सांगणारे खोटे बोलले आणि त्यांना ते ठाऊक होते. सभागृहात हुर्यो उडाली, पण त्या राज्यात ते जिंकले. डाव्यांनी तेरा वर्षे रस्त्यावर म्हटलेले वाक्य राष्ट्रीय व्यासपीठावर म्हणण्याचे श्रेय ट्रम्प घेऊन गेले. त्याच माणसाने डिसेंबर २०२० मध्ये काय केले, हेही विसरू नये: २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात १७ नागरिकांचा बळी घेणाऱ्या गोळीबाराबद्दल दोषी ठरलेल्या ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या चार रक्षकांना त्याने माफी दिली. उताराच्या तळाशी पोहोचलेला थोडासा न्यायही त्याने पुसून टाकला.

आणि २०२४ मध्ये आमच्या पक्षाने काय केले? बुश यांचे उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले डिक चेनी यांनी कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला, तेव्हा तो मोठ्या अभिमानाने मिरवण्यात आला. ट्रम्प यांना रोखण्यासाठी मिळेल ते मत घ्यावे, हे गणित मला समजते आणि मीही हॅरिस यांनाच मत दिले. परंतु मत घेणे वेगळे आणि सन्मानाने व्यासपीठावर बसवणे वेगळे; मिशिगनमधील अरब वस्त्यांत तो फरक नीट कळला.

प्रतिसाद: कायद्याची दारे

वकिली व्यवसायात असल्यामुळे फक्त दारे कशी बंद आहेत तेवढे सांगते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारावर क्लिंटन यांनी ३१ डिसेंबर २००० रोजी, अगदी शेवटच्या दिवशी, सही केली होती. बुश प्रशासनाने मे २००२ मध्ये त्यातून अंग काढून घेतले आणि ऑगस्टमध्ये असा कायदा केला की, त्या न्यायालयाने अमेरिकी सैनिकाला अटकेत ठेवल्यास त्याला सोडवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना आवश्यक ते सर्व उपाय योजता येतील. न्यायालय हेगला असल्यामुळे त्या कायद्याला 'हेगवर स्वारीचा कायदा' असे टोपणनाव पडले. इराकही त्या कराराचा सदस्य नाही.

देशांतर्गत दार एका इराकी महिलेने २०१३ मध्ये ठोठावून पाहिले. न्यूरेंबर्गमध्ये आक्रमणाचे युद्ध हा सर्वोच्च गुन्हा मानला गेला, या आधारावर तिने बुश, चेनी, रम्सफेल्ड आदींवर कॅलिफोर्नियात दावा लावला. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये तो फेटाळला, कारण अधिकाऱ्यांनी जे केले ते नोकरीच्या कक्षेत केले, सबब त्यांच्यावर व्यक्तिशः दावा चालत नाही. न्यूरेंबर्गच्या आरोपींचा बचाव याहून फार निराळा नव्हता. ज्या अपील न्यायालयाने हा निकाल दिला, त्याच न्यायालयात वर उल्लेख आलेले बायबी न्यायाधीश आहेत. या खंडपीठावर ते नव्हते, तरी योगायोग लक्षात राहतो.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचे मात्र तसे नाही. अमेरिकेने तो १९९४ मध्ये मान्य केलेला आहे आणि छळाच्या आरोपांची चौकशी करणे हे त्यात कर्तव्य आहे. म्हणून 'पुढे पाहू या' हे वाक्य राजकीय औदार्य म्हणून खपवले गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते कर्तव्यच्युतीच्या जवळ जाते.

प्रतिसाद: ब्रिटनने तरी काय साधले?

इराक युद्धाची जॉन चिलकॉट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश चौकशी २००९ मध्ये सुरू झाली, अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला, बारा खंड, सव्वीस लाख शब्द. युद्धाच्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना तुरुंगाचे दार दिसलेदेखील नाही. उलट नंतर त्यांना राणीने सर्वोच्च सरदारकी दिली. मग अमेरिकेत असा आयोग झाला असता तर फरक काय पडला असता? कागद वाढले असते.

प्रतिसाद (धागाकर्ता): कागदांचे मोल

कागदांनाही मी कमी लेखत नाही. जुलै २००२ मध्ये, म्हणजे संसदेला काहीही विचारण्याच्या कितीतरी आधी, ब्लेअर यांनी बुश यांना 'काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर असेन' असे लिहून दिले होते, हे चिलकॉट यांच्यामुळे अधिकृतपणे छापून आले. शांततेचे सर्व मार्ग संपण्यापूर्वी युद्ध पुकारले गेले, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. नेदरलँड्समध्येही डेव्हिड्स आयोगाने २०१० मध्ये या युद्धाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता, असे सांगून टाकले. ज्या देशाने युद्ध सुरू केले, त्याच देशात निर्णय कोणी, कधी आणि का घेतला याची सर्वंकष सार्वजनिक चौकशी झालेली नाही. बुश आणि चेनी यांना शपथेवर, उघडपणे, या युद्धाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. चेनी यांचे नोव्हेंबर २०२५ मध्ये निधन झाले, त्यामुळे आता तो विचारताही येणार नाही.

हिशेब न मागण्याची किंमत अधिकारांच्या रूपाने मोजावी लागते. २०११ मध्ये लिबियावर बॉम्बहल्ले चालू असताना ओबामा प्रशासनाने काँग्रेसला सांगितले की, कायद्याच्या अर्थाने हे लढाईत मोडतच नाही. जानेवारी २०२० मध्ये इराणी सेनानी कासिम सुलेमानी यांना बगदादमध्ये मारण्याचे समर्थन करताना ट्रम्प प्रशासनाने सद्दामविरुद्धच्या त्याच २००२ च्या ठरावाचा आधार घेतला. सद्दामला फाशी होऊन तेव्हा तेरा वर्षे उलटली होती. तो ठराव रद्द करण्यासाठी सिनेटने ६६ विरुद्ध ३० असे मत दिले ते मार्च २०२३ मध्ये, स्वारीला वीस वर्षे पूर्ण झाल्यावर.

आणि हो, एक दार थोडेसे उघडले आहे, ते वकील भगिनींनी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. अबू घरैबमधील तीन माजी कैद्यांनी तिथे चौकशीसाठी माणसे पुरवणाऱ्या सीएसीआय या खासगी कंपनीवर २००८ मध्ये दावा लावला होता. तो वीसहून अधिक वेळा फेटाळून लावण्याचा प्रयत्न कंपनीने केला. मे २०२४ मध्ये ज्युरींचे एकमत झाले नाही म्हणून तो पुन्हा चालवावा लागला, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ज्युरींनी तिघांना मिळून ४ कोटी २० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. सोळा वर्षे दावा लढवणारे हे तिघे म्हणजे एका शाळेचा मुख्याध्यापक, एक फळविक्रेता आणि एक पत्रकार. निकालानंतर कंपनीने अपील करणार असल्याचे जाहीर केले.